हळदीतला पेच

चांगल्या गेमच्या मुळाशी एक पेच असतो. हिंगोली जिल्ह्यात तो दर उन्हाळ्यात खळ्यावर पसरलेला दिसतो. हळद काढली, शिजवली, वाळत घातली; आणि आभाळ भरून आलं. ओल राहिलेला माल वसमतच्या मोंढ्यात नेऊन मिळेल त्या भावाला द्यायचा, की चार उन्हं आणखी धरून, पॉलिश करून न्यायचा?

एवढ्यावर एक छोटा गेम उभा राहतो. त्यात आकडे चारच: दिवस, ओल, हातातले पैसे आणि बीटातला, म्हणजे लिलावातला, भाव. बटण दाबलं की दिवस पुढे सरकतो, ओल थोडी घटते आणि संगणक १ ते १०० मधला एक आकडा उचलतो. तो २० किंवा त्याहून कमी आला, तर अवकाळी. २० च्या जागी ५० टाकले की खेळणारा वैतागतो, ५ टाकले की जांभया देतो. हे गणित जुळवत बसणं म्हणजेच गेम डिझाइन. ते वहीवर, सोंगट्या-फाशांनीही शिकता येतं. लॅपटॉप नंतर आला तरी चालतो.

पुढे लागतं इंजिन, म्हणजे चित्र, आवाज, हालचाल सांभाळणारं तयार सॉफ्टवेअर. नवशिक्याला गोडो सोयीचं. अर्जेंटिनात जन्मलेलं हे इंजिन २०१४ पासून सर्वांना खुलं आहे, फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. युनिटीसाठी सी शार्प ही प्रोग्रामिंगची भाषा शिकावी लागते. अनरियल दिसायला देखणं, पण त्याला दणकट मशीन हवं. पहिल्याच झटक्यात 'जीटीए'सारखा गेम करायला बसलेल्यांचे प्रकल्प बहुधा अर्धवट राहतात. पंधरा दिवसांत पुरा होणारा हळदीचा गेम त्यापेक्षा बरा.

कामाची ठिकाणं मात्र मुंबई-पुण्यात. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा पुण्यातला स्टुडिओ २००८ चा. 'इंडस' हा गेम काढणारी सुपरगेमिंगही पुण्याचीच. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' बनवला. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर त्यांनी लोकवर्गणी मागितली, ती ठरलेल्या आकड्यापर्यंत पोचली नाही. तरी काम थांबलं नाही आणि २०२० मध्ये 'राजी' आधी निन्टेन्डो स्विचवर, मग इतर यंत्रांवर आला. देवादिकांच्या कथा आणि राजस्थानी वास्तुकला यांवर तो बेतलेला आहे. औंढा नागनाथाच्या देवळावरचं कोरीव काम रोज पाहणाऱ्या पोराने हे ध्यानात घ्यायला हरकत नाही.

स्टुडिओत प्रोग्रामर लागतात, तसे चित्रकार, ध्वनिकार, डिझाइनर आणि चुका हुडकणारे टेस्टरही. पदवीचा उपयोग होतो, पण वजन पडतं ते पुऱ्या केलेल्या दोन-तीन गेमचं. घरच्यांना 'गेम' म्हटलं की पैसे लावायची रमी आठवते. अशा पैशांच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. गेम बनवण्याचा धंदा त्याहून निराळा, आणि हे घरात एकदा नीट सांगावं लागतं.

तयार गेम इच.आयओ या संकेतस्थळावर फुकट ठेवता येतो. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात दर गेममागे १०० डॉलर पडतात. गुगल प्लेला एकदाच २५ डॉलर. शिवाय नव्या वैयक्तिक खात्याला आधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. कळमनुरीच्या एका वर्गात तेवढी मुलं सहज निघतात.