अर्ध्या ग्रॅमचा हिशेब

वीस किलो वजनाच्या सहा-सात वर्षांच्या मुलीच्या अंगात रक्त असतं जेमतेम दीड लिटर. तिची शुगर १०० असेल, तर त्या सगळ्या रक्तात मिळून साखर भरते फक्त दीड ग्रॅम. ती एक ग्रॅमवर उतरली की मीटरवर सत्तरच्या खालचा आकडा येतो. हात थरथरतात, घाम फुटतो, पोर 'लो' होते. साडेतीन ग्रॅमच्या पुढे जाऊन वर्षानुवर्षं तिथेच रेंगाळली, तर डोळे, मूत्रपिंडं आणि नसा झिजत जातात. आणि ताटातल्या एका मध्यम पोळीत कर्बोदकं असतात १५ ग्रॅमच्या आसपास. तिच्या सगळ्या रक्तात असते त्याच्या दहापट साखर एका पोळीतून येते!

हा हिशेब निरोगी शरीरात स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी अहोरात्र सांभाळतात. टाइप वन मधुमेहात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच त्या पेशी मारून टाकते. पोरानं गोड फार खाल्लं म्हणून किंवा आईनं लाड केले म्हणून हा आजार होत नाही. नातेवाइकांना हे आधी सांगून टाकावं, कारण घरच्यांना सगळ्यांत जास्त पोळतात ती त्यांचीच वाक्यं.

आता इन्सुलिनकडे बघा. एका युनिटाचं वजन ०.०३४७ मिलिग्रॅम. या मुलीला दिवसाला १६ युनिटं लागतात असं धरलं, तर ते अर्ध्या मिलिग्रॅमहून किंचित जास्त भरतं, म्हणजे साखरेच्या एका दाण्याहूनही कमी. वर्षभराचं मिळून ०.२ ग्रॅम. मोठेपणी रोज ४० युनिटं लागली, तरी पन्नास वर्षांचं सगळं इन्सुलिन २५ ग्रॅम. तेवढ्यासाठी रोज चार सुया धरल्या तर टोचून घ्यायचं ७३,००० वेळा. दंडावर शुगर मोजणारा सेन्सर बसवला, तर पाच मिनिटांना एक याप्रमाणे आकडे येतात दिवसाला २८८, वर्षाला १,०५,१२०. यातला कुठला आकडा मनावर घ्यायचा आणि कुठला सोडून द्यायचा, हे शिकण्यातच घरच्यांचं पहिलं वर्ष जातं.

हे औषध नव्हतं तेव्हा हिशेब करायलाही काही उरत नसे. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसनला पहिलं इन्सुलिन टोचलं, तेव्हा तो चौदा वर्षांचा होता आणि वजन होतं अवघं २९ किलो. त्यानंतर तो तेरा वर्षं जगला.

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार भारतात वीस वर्षांखालचे टाइप वनचे रुग्ण २,२९,४००. जगात सर्वांत जास्त. अमेरिकाही आपल्या मागे. तरुण वयातल्या मधुमेहाची आयसीएमआरची नोंदवही २००६ मध्ये सुरू झाली. तिच्यातल्या दिल्ली आणि चेन्नईच्या नोंदींवरून दर १ लाख मुलांमागे वर्षाला ४.९ नवे रुग्ण निघाले. दर छोटा दिसतो, पण २०११ च्या जनगणनेत राजधानी परिसराची लोकसंख्याच ४.६ कोटी होती. त्यात वीस वर्षांखालची मुलं दीड कोटी धरली, तर वर्षाला सातशेहून जास्त नवी मुलं येतात. दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुडगाव, फरिदाबाद, सगळीकडचं मिळून रोज दोन घरं. निदानाआधीच दगावलेली मुलं यात धरलेलीच नाहीत.

या घरांत चूक होण्याची जागा किती लहान असते, ते सिरिंज हातात घेतली की कळतं. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा ४० च्या ताकदीचं असतं, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटं. त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनमधलं इन्सुलिन १०० च्या ताकदीचं. त्या ताकदीच्या सिरिंजचं टोपण केशरी. घाईत १०० वालं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये चारच्या रेघेपर्यंत ओढलं, तर अंगात जातात दहा युनिटं. वीस किलोच्या पोरीची शुगर एका युनिटानं साधारण ११० नं उतरते. सहा युनिटं जादा गेली तर काय होईल, ते वेगळं लिहायला नको. दोन ताकदींचं इन्सुलिन एकाच दुकानात विकणं मला धोक्याचं वाटतं. देशभर एकच ताकद असायला हवी.

त्यात दिल्लीचा उन्हाळा. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, आणि २९ मे २०२४ ला सफदरजंगला पारा ४६.८ वर होता. फ्रिज नसेल किंवा वीज गेली असेल तर मातीची दोन मडकी एकात एक ठेवतात, मधल्या फटीत वाळू भरून ती ओली ठेवतात. वापरातली बाटली त्यात बरी राहते. बर्फाला चिकटवून मात्र ठेवू नये. एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं.

शाळेचे सहा तास हा सगळ्यांत अवघड भाग. २०१७ मध्ये सीबीएसईनं या मुलांना परीक्षेच्या खोलीत साखरेच्या गोळ्या, फळं आणि पाणी नेण्याची मुभा दिली. २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क आयोगाच्या पत्रानंतर उत्तर प्रदेशनंही वर्गात शुगर तपासायला, इन्सुलिन घ्यायला परवानगी देणारा आदेश काढला. नोएडा-गाझियाबादच्या शाळा त्यात आल्या. आदेश कागदावर आहेत, पण 'लो' झालेल्या मुलाला १५ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे साखर लगेच द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, एवढं तरी प्रत्येक शिक्षिकेला माहीत हवं.

तुमच्या घरातलं, शेजारचं, वर्गातलं मूल अचानक खूप पाणी पिऊ लागलं, सारखं लघवीला जाऊ लागलं, थकू लागलं आणि वाळत चाललं, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. बोटातल्या एका थेंबानं शुगर कळते. त्याच दिवशी तपासा आणि जास्त निघाली तर लगेच रुग्णालय गाठा. आणि कुणाच्याही काढ्यासाठी, चूर्णासाठी, एका दिवसापुरतंही इन्सुलिन बंद करू नका.