गुलामी सुटली, पण वही कुणाच्या हातात?

मैत्रिणींनो, महात्मा फुल्यांच्या ‘गुलामगिरी’ पुस्तकाचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलंय. १८७३ साली निघालेलं हे पुस्तक जोतिरावांनी अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, कारण त्यांनी तिथल्या काळ्या माणसांची गुलामी मोडायला मोठा त्याग केला होता. डिसेंबर १८६५ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती होऊन ही गुलामी देशभर बंद झाली. सुमारे ४० लाख माणसं मोकळी झाली. काल ज्यांची बाजारात विक्री होत होती, ती आज स्वतःची मालक झाली. पण चूल पेटवायची तर दाणे कुठून आणायचे?

त्यांची पहिली मागणी जमिनीची होती. पिढ्यान्‌पिढ्या आम्हीच ती कसली, मग थोडी आम्हाला द्या, एवढंच म्हणणं. जानेवारी १८६५ मध्ये शर्मन नावाच्या सेनापतीनं समुद्रकाठच्या पट्ट्यात कुटुंबाला ४० एकरांपर्यंत जमीन द्यायचा हुकूम काढला. हजारो कुटुंबं तिथं जाऊन राहिली. पण त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी जुन्या मालकांना माफी दिली आणि बहुतेक जमीन परत त्यांच्याच घशात गेली.

शिवाय मिसिसिपीसारख्या राज्यांनी नवे कायदे केले. दर जानेवारीत कामाचा लेखी पुरावा दाखवायचा, नसेल तर भटका म्हणून पकडणार. दंड भरता आला नाही, तर जो दंड भरेल त्याच्याकडे राबायला जा. करार मोडून मधेच निघालात तर वर्षाची मजुरी बुडाली. आईबाप पोसू शकत नाहीत असं ठरवून लेकरंसुद्धा जुन्या मालकाकडे बांधून देत. हे कायदे फार काळ टिकले नाहीत, पण मालकांच्या मनात काय होतं ते त्यातून दिसलं.

मग बटईची पद्धत आली, आपल्याकडे कुठे अर्धली म्हणतात तीच. ती नुसती लादलेली होती असं नाही. मुकादमाच्या चाबकाखाली टोळीनं राबायला ही माणसं आता तयार नव्हती. आपलं घर, आपला तुकडा, आपल्या सोयीनं काम, असं त्यांना हवं होतं. बायकांनी तर शेतावरचं काम कमी करून घराकडे, लेकरांकडे लक्ष द्यायला सुरुवात केली. त्यावर मालक कुरकुरायचे की या आता मडमा झाल्या! (त्यांच्या स्वतःच्या बायका घरात बसत, ते चालायचं.)

जमीन, खेचर, बियाणं मालकाचं. राबणार अख्खं कुटुंब. कापूस निम्मा निम्मा. ऐकायला बरं वाटतं. पण कापूस हाती यायचा वर्षाच्या शेवटी. तोवर पीठ, मीठ, कापड दुकानातून उधार. तारण काय, तर उभं पीक. दुकानात दोन भाव असत, रोखीचा कमी आणि उधारीचा जास्त, वर जबर व्याज. भाजीपाला, मका लावावा म्हटलं तर दुकानदार म्हणे कापूसच लाव, कारण त्याचे पैसे होतात. म्हणजे खायचं पुन्हा त्याच्याकडूनच विकत आणायचं. वर्षाअखेर हिशेब व्हायचा तेव्हा वही मालकाच्या नाहीतर दुकानदाराच्या हातात. गुलामीच्या काळात बहुतेक दक्षिणी राज्यांत गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं हाच गुन्हा होता, त्यामुळे तपासणार कोण? बाकी निघाली की ती पुढच्या वर्षावर, आणि कुटुंब परत त्याच शेतावर. म्हातारी माणसंसुद्धा लेकरांच्या शेजारी बसून अक्षरं का गिरवत होती, ते यावरून समजतं.

बचत त्यांनीही केली. १८६५ मध्ये मोकळ्या झालेल्यांसाठी खास बँक निघाली. पुढे तिच्या कारभाऱ्यांनी पैसा भलत्यांनाच कर्जाऊ दिला आणि १८७४ मध्ये बँक बुडाली. ६१ हजारांवर खातेदारांचे जवळजवळ ३० लाख डॉलर अडकले. खातेदार एकीकडे, कर्ज मंजूर करणारे दुसरीकडे. आपल्या गटात कर्ज कुणाला द्यायचं ते आपण बैठकीत ठरवतो, हा फरक लहान नाही.

शहरात गेलेल्या अनेक बायका धुणं धुवायच्या. मालकिणीच्या घरी न राबता, कपडे घरी आणून आपल्या अंगणात धुवायचे. पाणी वाहायचं, साबण स्वतः बनवायचा, इस्त्री करून पोचवायचं. महिन्याची कमाई ४ ते ८ डॉलर. जुलै १८८१ मध्ये अटलांटा शहरात अशा वीसेक जणींनी संघटना केली आणि १२ पौंड धुण्याला, म्हणजे साधारण साडेपाच किलोला, १ डॉलर असा एकच दर मागून संप केला. दारोदार फिरून त्यांनी तीन आठवड्यांत सुमारे ३ हजार बायका जोडल्या, त्यात थोड्या गोऱ्याही होत्या. काहींना अटक झाली, दंड झाले. नगरपालिकेत धोबिणींवर वर्षाला २५ डॉलर शुल्क बसवायचं घाटत होतं. बायकांनी महापौरांना लिहून कळवलं: २५ काय, ५० भरू, पण मग शहराचं धुणं आमच्याच ताब्यात राहील याची हमी द्या. नगरपालिकेनं तो शुल्काचा ठराव नामंजूर केला.