रक्ताची गुठळी आणि कर्करोग

भिजून बुरसलेला चारा माळव्यातील जाणता गवळी गुरांपुढे टाकीत नाही. उत्तर अमेरिकेतील शेतकऱ्यांना हा धडा १९२० नंतरच्या दशकात फार महाग पडला. मेथीच्या गोत्रातील ‘स्वीट क्लोव्हर’ हा चारा बुरसला, की तो खाणारी गुरे रक्तस्रावाने मरत; त्यांचे रक्त गोठतच नसे. विस्कॉन्सिन विद्यापीठातील कार्ल लिंक व त्यांचे सहकारी यांनी त्या चाऱ्यातील विष शोधून काढले. त्यातूनच ‘वॉरफरिन’ निर्माण झाले. १९४८ साली ते उंदरांचे विष म्हणून बाजारात आले, आणि १९५४ साली, अल्प मात्रेत, माणसाचे औषध म्हणून मान्य झाले. ‘के’ जीवनसत्त्वाच्या साहाय्याने यकृतात रक्त गोठविणारी द्रव्ये तयार होतात. वॉरफरिन त्या कार्यात अडथळा आणते. हीच ‘रक्त पातळ करण्याची’ गोळी होय.

या गोळीचा कर्करोगाशी संबंध काय? शिरांमध्ये अकारण गुठळ्या होणाऱ्या रुग्णांत पुष्कळदा कर्करोग दडलेला असतो, हे त्रुसो या फ्रेंच वैद्याने १८६५ सालीच सांगितले होते. कर्करोग प्राणघातक ठरतो तो बहुधा मूळ गाठीमुळे नव्हे, तर तिच्या प्रसारामुळे. गाठीतून सुटलेल्या पेशी रक्तातून प्रवास करतात. त्यांतील बहुतेक वाटेतच नष्ट होतात. परंतु काही पेशी रक्तातील ‘प्लेटलेट’ नावाचे कण व गुठळीचे तंतू अंगाभोवती लपेटून घेतात. या पांघरुणामुळे शरीराच्या रक्षक पेशींना त्या सहज सापडत नाहीत.

हे पांघरूण काढून घेतले तर? १९६८ साली अमेरिकन संशोधकांनी उंदरांच्या रक्तातील प्लेटलेट कमी केले, तेव्हा रोगप्रसारही कमी झाला. हेपॅरिन व वॉरफरिन दिलेल्या उंदरांतही अनेक प्रयोगांत तसेच आढळले.

तथापि, उंदीर म्हणजे माणूस नव्हे. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. वसंतराव खानोलकर व डॉ. कमल रणदिवे यांच्या काळापासून अशा संशोधनासाठी उंदरांचे शुद्ध वंश जोपासले गेले. एका वंशातील उंदीर जवळजवळ एकसारखे असल्यामुळे औषधाचा परिणाम स्पष्ट दिसतो. माणसे मात्र एकसारखी नसतात. शिवाय प्रयोगात पुष्कळदा औषध आधी देऊन मग उंदराच्या शिरेत रोगट पेशी सोडतात. माणसाच्या रोगाचे निदान होते तेव्हा प्रसार कित्येकदा होऊन चुकलेला असतो.

म्हणूनच माणसांवरील चाचण्यांचा कौल संमिश्र आहे. १९८१ साली अमेरिकेत फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगात वॉरफरिन घेणारे रुग्ण अधिक काळ जगले. इतर प्रकारांत तो लाभ दिसला नाही. २०१६ साली ब्रिटनमधील २,२०० हून अधिक फुप्फुस-कर्करुग्णांच्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. हेपॅरिनच्या जातीच्या इंजेक्शनाने गुठळ्या कमी झाल्या. आयुष्य मात्र वाढले नाही, आणि रक्तस्राव वाढला.

यातून दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. गुठळीसाठी डॉक्टरांनी ही औषधे दिलेल्या कर्करुग्णाने ती आपल्या मनाने बंद करू नयेत. आणि उंदरांची वार्ता वाचून कोणी ती आपल्या मनाने सुरूही करू नयेत. मात्रा चुकली, तर त्या गुरांच्या नशिबी जे आले तेच माणसाच्याही नशिबी येते.