तंजावरची मराठी नाटके : शहाजीपासून सरफोजीपर्यंत

तंजावरच्या भोसले राजांनी सुमारे दीड शतक नाटके लिहिली आणि लिहवून घेतली. व्यंकोजीराजांनी १६७६च्या सुमारास तिथे मराठी गादी स्थापली, तेव्हा आधीच्या नायक राजांच्या दरबारातले तेलुगू यक्षगान हे गीतनाट्य त्यांना आयतेच मिळाले. भोवतालची प्रजा तमिळ, शास्त्रचर्चा संस्कृतात आणि राजघराण्याची बोली मराठी. अशा नगरीत निरनिराळ्या मुलखांतली पात्रे एकाच रंगभूमीवर भेटणार, हे ओघानेच आले. ही नाटके एकापुढे एक वाचत गेले की कोणत्या राजाने ही भेट किती धिटाईने घडवली ते कळते.

मालिकेचा आरंभ शहाजीराजांपासून (कारकीर्द १६८४ ते १७१२). त्यांचे ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ १६९०च्या आसपासचे मानतात. विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ सांगलीत १८४३ साली झाले, म्हणजे शहाजींचे नाटक त्याच्या दीडशे वर्षे आधीचे. तरीही मराठी रंगभूमीची गणना सांगलीपासूनच करण्याची सवय सुटलेली नाही, आणि तंजावरवर तो अन्याय आहे. नाटकाचा साचा यक्षगानाचा आहे. सूत्रधार कथा पुढे नेतो, ‘दरू’ नावाची पदे येतात, मधूनमधून गद्य संवाद होतात. भाषा मराठी असली तरी चाल आणि बांधणी दक्षिणेची.

याच शहाजींनी ‘पंचभाषाविलास’ रचला. या मालिकेत त्याच्या तोडीचे दुसरे नाटक नाही. नायक श्रीकृष्ण. त्याला वरण्यासाठी द्रविड, आंध्र, महाराष्ट्र आणि उत्तर देश इथल्या चार राजकन्या येतात. कृष्ण संस्कृत बोलतो. राजकन्या अनुक्रमे तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी. इथे भाषा म्हणजेच पात्राचा वेश आणि तेच त्याचे बळ. एकीची भाषा दुसरीहून खालची ठरवण्याचा मोह या राजाला झाला नाही. स्वतःच्या घरची मराठीदेखील त्याने चौघींतली एक म्हणूनच ठेवली. राजाच्या हातून असे घडणे थोडके नव्हे. शहाजी तिरुवारूरच्या त्यागराजाचे, म्हणजे तिथल्या शिवाचे भक्त. त्याच्या पालखीसेवेचे प्रबंधही त्यांनी मराठीत नव्हे, तेलुगूत रचले.

तुकोजीराजे (१७२८ ते १७३६) संगीताकडे अधिक वळलेले. ‘संगीतसारामृत’ हा त्यांचा ग्रंथ. प्रतापसिंहांच्या काळात (१७३९ ते १७६३) मराठी नाटकांना पुन्हा भर आला. बहुतेक नाटके ‘कल्याण’ नाहीतर ‘परिणय’ नावाची, पुराणातल्या विवाहकथांची. संख्येने ती भरपूर आहेत, पण ‘पंचभाषाविलासा’तले साहस त्यांच्यात पुढे गेले नाही.

ते पुढे नेले दुसऱ्या सरफोजीराजांनी (१७९८ ते १८३२). जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले होते. त्यांच्या छापखान्यातून १८०६ साली इसापच्या कथांचे मराठी भाषांतर ‘बालबोधमुक्तावली’ बाहेर पडले. असा राजा नाटक लिहितो तेव्हा तो तमिळ मुलखातला ‘कुरवंजी’ हा प्रकार निवडतो. या प्रकारात विरहिणी नायिकेकडे डोंगराळ भागातली कुरवंजी, म्हणजे भविष्य सांगणारी स्त्री येते, आपल्या मुलखाचे वर्णन करते आणि हात पाहते. सरफोजींच्या ‘देवेंद्र कुरवंजी’त नायिका आहे खुद्द इंद्राणी. कुरवंजी तिला मराठी पदांतून जगाचा भूगोल सांगते. पुराणातली सप्तद्वीपे बाजूला राहतात आणि आशिया, युरोप, आफ्रिका, अमेरिका येतात. स्वर्गातली राणी, तमिळ डोंगरातली भटकी स्त्री आणि युरोपातली नवी विद्या यांची गाठ याआधी कोणत्या नाटकाने घातली असेल? नाट्य म्हणून मात्र ते उणे पडते. भूगोल सुरू झाला की इंद्राणीचा विरह मागे पडतो.

याच सरफोजींना नायक करून कोट्टैयूर शिवक्कोळुंदु देशिकर यांनी तमिळमध्ये ‘सरभेंद्र भूपाल कुरवंजी’ लिहिली. तिचे प्रयोग बृहदीश्वराच्या देवळात होत. त्याच देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. ज्या राजाने तमिळ साचा मराठीत आणला, त्याच्यावर तमिळ कवीने त्याच साच्यात नाटक लिहावे, हा योग तंजावरातच जुळू शकला.

१८५५ साली शेवटचे राजे शिवाजी निपुत्रिक वारले आणि संस्थान इंग्रजांनी खालसा केले. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मात्र तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत, आणि यातली काही नाटके छापूनही निघाली आहेत. तेव्हा आता मराठी नाट्यसंस्थांनी चेन्नई-तंजावरच्या कलावंतांना सोबत घेऊन ‘पंचभाषाविलास’ पाचही भाषांत उभा करावा.