पाकिटावरचे अक्षर

खाद्यपदार्थाच्या पाकिटामागे साखर किती, मीठ किती, चरबी किती, हे छापलेले असते. पण छापलेले ते सारे वाचता येतेच असे नाही. आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. करारातील बारीक अक्षर कोणाच्या सोयीचे असते हे आम्हांस ठाऊक आहे. पाकिटावरचे अक्षरही त्याच दृष्टीने पाहावयास हवे.

अमेरिकेत १९९० साली पोषणविषयक माहितीचा कायदा झाला आणि १९९४ पासून काळ्या चौकटीतील कोष्टक पाकिटांवर सक्तीने आले. त्याची आखणी बर्की बेल्सर या रचनाकाराने केली व त्यासाठी हेल्वेटिका हा साधा, बिनफाट्यांचा टाइप घेतला. नियमात मात्र टाइपाचे नाव नाही, त्याचे गुण सांगितले आहेत. वळण एकच व वाचावयास सोपे असावे, आकडे नि नावे बहुधा ८ पॉइंटांहून लहान नसावीत, दोन ओळींत निदान एका पॉइंटाची जागा सोडावी, अक्षर अक्षराला चिकटू नये. २०१६ च्या दुरुस्तीने मोठ्या पाकिटांवर उष्मांकाचा आकडा २२ पॉइंटांचा झाला.

या अटींमागे छपाईचा अनुभव आहे. गुळगुळीत कागदावर व प्लॅस्टिकवर नाजूक रेषा पुसट होतात आणि शाई पसरून अक्षरांची पोटे भरतात. मग रोमन लिपीतला सहा कोणता नि आठ कोणता हे कळेनासे होते. मधुमेह्याच्या दृष्टीने हा फरक क्षुल्लक नाही.

युरोपने २०११ च्या नियमात एक पाऊल पुढे टाकले. पॉइंट हे खिळ्याचे माप आहे, अक्षराचे नव्हे. एकाच पॉइंटाचे दोन टाइप डोळ्यांना लहानमोठे दिसतात. म्हणून तेथे छोट्या लिपीतील 'एक्स' या अक्षराचीच उंची मोजतात. ती १.२ मिलिमीटरहून कमी चालत नाही. अगदी लहान पाकिटांना ०.९ मिलिमीटरची सवलत आहे.

देवनागरीत हा विचार अधिकच निकडीचा आहे. वर वेलांटी नि मात्रा, खाली उकार; त्यांना जागा देताना मधले अक्षर आक्रसते. त्यात घ आणि ध, भ आणि म यांच्यातला भेद एका बारीक गाठीचा किंवा रेषेचा. म्हणून आमच्या लिपीसाठी शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतची उंची मोजली पाहिजे.

भारतात २०२० च्या नियमांनुसार आवश्यक मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत लागतो. मराठीला मुभा आहे, सक्ती नाही. एकूण साखर, मीठ व संपृक्त चरबी ठळक आणि मोठ्या अक्षरांत छापावी, या प्रस्तावाला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जुलै २०२४ मध्ये मान्यता दिली. दिशा योग्य आहे. पण 'ठळक' म्हणजे किती, हे मिलिमीटरांत आणि आमच्या लिपीत ठरले पाहिजे. वेतनाच्या करारात 'योग्य मोबदला' एवढ्यावर कोणी सही करीत नाही, आकडा मागतो. ग्राहकानेही तो मागावा. दिवसपाळी संपवून आलेल्या बाईला वाण्याच्या दुकानातील अपुऱ्या उजेडात, चष्मा न शोधता, मिठाचा आकडा वाचता आला, तरच तो छापल्याचा उपयोग.