साक्ष: वेशीतल्या निवाड्यापासून रक्तसाक्षीपर्यंत

बायबलमध्ये साक्ष हा शब्द मुळात न्यायनिवाड्याचा आहे. प्राचीन इस्राएलात गावचे वडीलधारे वेशीत बसून न्याय करीत आणि निकाल मुख्यतः साक्षीदारांच्या जबानीवर ठरे. खोटी साक्ष माणसाचा जीव घेऊ शकत होती; म्हणूनच दहा आज्ञांत तिला मनाई आहे. ‘अनुवाद’ या ग्रंथात त्यापुढचे नियम येतात. एकट्याच्या साक्षीवर कोणालाही दोषी ठरवू नये, दोन किंवा तीन साक्षीदार हवेत. देहदंड झाला तर पहिला दगड साक्षीदारांनीच मारावा. साक्ष खोटी ठरली, तर आरोपीला जी शिक्षा झाली असती ती साक्षीदाराला द्यावी.

नियम कडक असले तरी ते वाकवता येत. नाबोथाचा द्राक्षमळा राजा अहाबाला मिळावा म्हणून ईजबेल राणीने दोन खोटे साक्षीदार उभे केले. साक्षीदारांची संख्या नियमाप्रमाणे भरली आणि निरपराध नाबोथ दगडांखाली मेला.

यशयाच्या ग्रंथात हा शब्द व्यापक होतो. तिथे सगळी राष्ट्रे जणू न्यायासनापुढे जमतात आणि देव इस्राएल लोकांना ‘माझे साक्षी’ म्हणतो.

नव्या करारात साक्षीचा केंद्रबिंदू येशूचे पुनरुत्थान हा आहे. रिकाम्या कबरेची वार्ता चारही शुभवर्तमानांत प्रथम स्त्रियांना कळते. त्या काळी स्त्रियांच्या साक्षीला पुरुषांच्या साक्षीइतके वजन नव्हते. लूकच्या शुभवर्तमानात तर प्रेषितांनाही त्यांचे बोलणे पोकळ वाटते. तरीही शुभवर्तमानकारांनी त्यांची साक्ष गाळली नाही. पुढे विश्वासघातकी यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून मत्थियाची निवड झाली, तेव्हा अट हीच होती: येशूच्या सहवासात प्रारंभापासून असलेला माणूस पुनरुत्थानाचा साक्षीदार व्हावा.

येशूचा अनुयायी स्तेफन याच्या मृत्यूत साक्षीचे जुने आणि नवे अर्थ समोरासमोर येतात. त्याच्याविरुद्ध खोटे साक्षीदार उभे राहतात. दगडमार करताना साक्षीदार आपली वस्त्रे शौल नावाच्या तरुणाच्या पायाशी ठेवतात. हाच शौल पुढे पौल म्हणून ओळखला गेला आणि त्याने स्तेफनाला प्रभूचा साक्षी म्हटले. दगड मारणारे नियमाने साक्षीदार होते. दगड सोसणारा खरा साक्षी ठरला.

साक्षीदाराला ग्रीक भाषेत ‘मार्तुस’ म्हणतात. दुसऱ्या शतकापर्यंत त्याच शब्दाला विश्वासासाठी प्राण देणारा असा अर्थ आला. मराठी ख्रिस्ती लेखनातल्या ‘रक्तसाक्षी’ या शब्दात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात.