खिडक्या बदलताना : बाहेरचा चोर आणि आतले मूल

सौंसरच्या जुन्या वस्तीतील घरांना सागवानी चौकटीच्या, उभ्या गजांच्या खिडक्या असत. गज मधल्या आडव्या पट्टीच्या भोकांतून ओवलेले असल्यामुळे ते सहजासहजी वाकत नसत. आता लाकडाला उधई लागली, झडपा फुगल्या की आपण त्या काढून अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवतो. उजेड वाढतो, घर नवे दिसते. मात्र चौकटीबरोबर गजही जातात, याकडे आपले लक्ष नसते.

बालरोगतज्ज्ञाने खिडक्यांवर का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याला कारण माझा एक अडीच वर्षांचा रुग्ण. त्याच्या घरी खाली ग्रिल बसवले होते. वर चोर कशाला चढतो, म्हणून वरच्या मजल्यावर नव्हते. पलंग खिडकीला लागून. बाळ त्यावर उभे राहून मच्छरदाणीच्या जाळीला टेकले आणि जाळीसकट खाली अंगणात पडले. प्रथमोपचार करून त्याला नागपूरला पाठवावे लागले. सुदैवाने ते पूर्ण बरे झाले. "जाळी तर लावली होती न जी, डॉक्टरसाहेब!" हे त्याच्या आजीचे शब्द माझ्या कानांतून जात नाहीत. ती जाळी डासांसाठी असते. मुलाचा भार तिला पेलत नाही.

नवजात अर्भकाचे डोके एकूण लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते, प्रौढाचे एक अष्टमांश. म्हणून लहान मूल वाकले की तोल डोक्याकडेच जातो. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याने १९७२ मध्ये 'मुलांना उडता येत नाही' अशा अर्थाच्या नावाने मोहीम काढून खिडक्यांना गज दिले, आणि १९७६ मध्ये लहान मुले असलेल्या बहुकुटुंबी इमारतींत ते बसवणे घरमालकांना बंधनकारक केले. तेव्हा ग्रिल सर्व मजल्यांवर हवे. दोन गजांतील अंतर दहा सेंटिमीटरपेक्षा कमी असावे. अधिक असल्यास मुलाचे धड बाहेर सरकते आणि डोके अडकते. नक्षीच्या आडव्या सळ्या दिसायला सुरेख, पण मुलांसाठी ती शिडीच. उभे गजच बरे.

आता चोराकडे वळू. ग्रिल बाहेरून साध्या स्क्रूने बसवले असेल, तर ते काढायला एक पेचकस पुरतो. त्याचे पाय भिंतीत सिमेंटने गाडून घ्यावेत. सरकत्या खिडकीची कडी नाजूक असते, आणि पल्ला वर उचलून रुळातून बाहेर काढता येतो; वरच्या रुळात अडकण बसवायला कारागिराला सांगावे. काचेबाबत एक गैरसमज आहे. टफन्ड काच फुटल्यावर तिचे बोथट बारीक तुकडे होतात, म्हणून मुलांच्या दृष्टीने ती साध्या काचेहून चांगली. पण टोकदार घाव बसला की ती सगळीच ढासळते व चोराला वाट मोकळी होते. लॅमिनेटेड काच तडकली तरी मधल्या पापुद्र्याला चिकटून राहते. रस्त्याकडील खालच्या खिडकीला तीच घ्यावी. खर्च अधिक येतो खरा.

आपल्याकडचा खास दोष म्हणजे कूलर. उन्हाळा आला की ग्रिल कापून कूलर बसवतात, आणि पावसाळ्यात त्या भगदाडावर प्लायवूडचा तुकडा ठोकतात. इतके कष्ट घेऊन घर बंद करायचे आणि चोरासाठी दार ठेवायचे! कूलर बाहेर स्टँडवर ठेवून हवा गजांमधूनच आत येऊ द्यावी. कूलरला अर्थिंग हवेच, हे सांगणे नलगे.

परंतु सगळीकडे पक्के ग्रिल बसवले की घराचा पिंजरा होतो. आग लागली, जिन्यात धूर भरला, तर निघायचे कोठून? प्रत्येक मजल्यावर, शक्यतो झोपण्याच्या खोलीत, एका ग्रिलला बिजागरीचा उघडणारा भाग ठेवून आतून कुलूप लावावे.

आमच्या घरी असे ग्रिल होते. एका मे महिन्यात रात्री कूलरच्या वायरीने पेट घेतला आणि खोली धुराने भरली. कुलूप समोर, किल्ली मात्र कपाटातल्या जुडग्यात; ती शोधण्यात गेलेली मिनिटे मी विसरलेलो नाही. आम्ही अखेर जिन्यानेच उतरलो. आता ती किल्ली खिडकीपासून चार हात दूर, बाहेरून हात पोहोचणार नाही अशा खिळ्याला टांगलेली असते. घरातल्या प्रत्येकाला ती अंधारातही सापडते, आणि दर दिवाळीच्या सफाईत सौभाग्यवती कुलपाला तेल घालून ते एकदा उघडून पाहतात.